शेवंतीवरचं डालगं

बायको गेली तेव्हा गच्चीवर शेवंतीचे नऊ डबे होते. त्यातले आठ मी मारले. मुद्दाम नाही मारले, पण मारले मीच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागा नाही. नववा कसा राहिला ते सांगतो.

ही शेवंती बाजारातली नव्हे. बाजारात असते ती मोठी, भरगच्च, वास नसलेली. आमची बारकी. फूल कोटाच्या बटणाएवढं, रंग पिकल्या लिंबाचा, वास जरा कडूच. झाड गुडघ्याच्या वर जात नाही. बायकोनं हिचं मूळ माहेराहून आणलं. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, हद्दीला लागून. तिकडं बाजारात मराठी आणि चुलीपुढं कानडी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती माहेरी गेली, मी आणायला गेलो, तर येताना एस्टीत मांडीवर ओलं फडकं घेऊन बसलेली. मला वाटलं मळ्यातली भाजी असंल. घरी येऊन सोडलं तर मातीसकट मुळ्या.

मी म्हटलं, "बापानं एवढंच दिलं व्हय?"

ती म्हणाली, "तुम्ही मागितलं तेवढं दिलं. हे मी मागितलं."

तेव्हापासून ते झाड आमच्या घरात आहे. माझ्या पोरापेक्षा वयानं मोठं. शेवंती तशी मरत नाही. फुलं संपली की वरचं वाळतं, पण बुडातून नवे कोंब निघतात. त्यांना काश्या म्हणतात. त्या सुट्या करून लावायच्या, की पुढच्या वर्षाचं झाड तयार. म्हणजे झाड एकच, अंग तेवढं बदलतं. आमच्या उसाच्या खोडव्यासारखं. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून पुन्हा ऊस येतो, तो खोडवा. माझ्या डोक्यात शेवंतीची सोय अशी लागली होती, आणि तीच नडली.

माझा धंदा गुळव्याचा. म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीपुढं उभं राहून गूळ करायचा. शाळा चौथीपर्यंत. रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी टाकायचं, मळी वर आली की काढायची, आणि पाक झाला की नाही ते थंड पाण्यात थेंब टाकून बघायचं. गोळी वळली की काहील उतरवायची. दोन मिनिटं इकडं-तिकडं झाली तर गूळ काळा पडतो, नाहीतर सैल राहतो. चाळीस वर्षं हे केलं. मार्केट यार्डात माझ्या हातचा गूळ लोक बोटानं तोडून, खाऊन ओळखायचे. सीझनला चार-पाच महिने मी नदीपलीकडं गुऱ्हाळावरच असायचो. आठवड्यातनं एकदा घरी. घरात काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही.

शेवंतीचं सगळं ती बघायची. जेठात काश्या लावायची. आषाढात शेंडे खुडायची, मग झाड उंच न जाता पसरतं. पाणी बेतानं, कारण मुळाशी पाणी उभं राहिलं की शेवंती सडते. मावा पडला की तंबाखूचं पाणी. तंबाखू माझीच. चंचीत कमी दिसली की मी ओरडायचो आणि ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा तिथं गुण येतो." हे सगळं मी चहा पीत बघितलंय. बघितलंय म्हणजे डोळ्यापुढनं गेलंय.

आधी झाडं परसात होती. पोरानं वरचा मजला बांधला तेव्हा परस गेलं आणि झाडं तेलाच्या डब्यात बसून गच्चीवर आली. पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा बदलला. पिवळा होता तो गेला आणि पांढरा आला. लख्ख पडतो. आमच्या कठड्याच्या बरोबर समोर. गच्चीवर रात्री तांदूळ निवडावे इतका उजेड. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, वरच्या बल्बचं बिल वाचलं.

त्या साली शेवंतीला फूल धड आलं नाही. मला ते कळलंही नसतं, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला बायकोनं बाजारातनं फुलं मागवली, तेव्हा मी म्हटलं, "घरचं काय झालं?" ती म्हणाली, "रुसलीया." विषय संपला.

पुढच्या वर्षी भादवा सरता सरता तिनं माळ्यावरनं डालगं काढलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. आमच्याकडं कोंबड्या कधीच्या संपल्या होत्या, डालगी दोन-चार पडून होती. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती वर जायची, डबे एकाला एक लावून ठेवायची, त्यावर डालगी पालथी घालायची आणि वरनं पोती. सकाळी सात वाजता सगळं काढायचं. एक दिवस चुकवायची नाही. कुणाचं लग्न असो, मयत असो, दिवे लागायच्या आत घरी.

मी काय गप बसणारा नव्हे. "डालून ठेवलीस व्हय? सकाळी अंडी किती निघाली सांग."

"तुमाला आमलेट करून घालते की."

"अगं पण कशापायी?"

"तुमच्या काहिलीत मी कधी चमचा घातलाय का? मग."

मी एकदाच विचारलं ते असं, चेष्टेत. तिनंही उत्तर तसंच दिलं. माझी मी समजूत काढली की ही दृष्ट लागू नये म्हणून झाकते. शेजारची एक बाई येता-जाता फुलं तोडायची, तिच्या डोळ्यावर पडू नये म्हणूनही असंल. फुलं आली त्या साली. पुढंही येत राहिली. डालग्याचा आणि फुलांचा संबंध मी लावला नाही.

तिचं दुखणं दोन वर्षांचं. मूत्रपिंडाचं. शेवटी भादव्यात दवाखान्यात ठेवली. नऊ दिवस. पहिले सात दिवस मराठी बोलली. माझ्या जेवणाचं, दुधाच्या पिशवीचं, सुनेला कुठलं पातेलं द्यायचं त्याचं. आठव्या दिवसापासून ती फक्त कानडी बोलायला लागली. नर्स इचलकरंजीकडची होती, तिला काही कळेना. मला म्हणाली, "आजोबा, काय म्हणत्यात?" मी म्हटलं, "मला काय म्हाईत."

हे खरंच होतं. इतकी वर्षं संसार केला आणि मला कानडी येत नाही. चार शब्द येतात. बा म्हणजे ये, होगु म्हणजे जा, ऊटा म्हणजे जेवण, बेकु म्हणजे पाहिजे. ते कोल्हापुरात कुणालाही येतात. सासुरवाडीला सगळे माझ्याशी मराठीत बोलायचे आणि आपसात कानडीत, आणि मी म्हणायचो, काय यंडुगुंडु लावलंय. एकदा सासऱ्यासमोर बोललो. तो हसला, पण जेवताना बोलला नाही.

नवव्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. खोलीत मी एकटाच. पोरगा पुण्याहून निघाला होता, साताऱ्याच्या आसपास असंल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश म्हणाली, "अदक्क कत्तलि बेकु." मी म्हटलं, काय? ती पुन्हा म्हणाली. मग तिसऱ्यांदा, आणि ह्या वेळी हात उचलून तळवा खाली करून तो गादीवर दाबला. असा. सपाट. मग बोटानं वर दाखवलं.

वर म्हणजे गच्ची, एवढं कळलं. बेकु म्हणजे पाहिजे, ते येतच होतं. आणि कत्तल तर मराठीच शब्द. हात असा सपाट खाली. ऊस तोडताना कोयता बुडाशी सपाट चालवावा लागतो, वर खुंट राहिला तर खोडवा चांगला फुटत नाही. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. मी म्हटलं, "शेवंती कापू म्हणतीस? व्हय. कापतो." ती माझ्याकडं बघत राहिली. मान हलवली की नाही ते सांगता यायचं नाही. मला हलवली असं वाटलं. दुपारी चारला ती गेली. पोरगा पाचला आला.

तिला सवाष्णीसारखी नटवली. वेणी घातली ती बाजारातल्या पांढऱ्या शेवंतीची. घरची अजून कळीला यायची होती.

तेरावा झाला, पोरगा-सून परत गेली. "चला आबा आमच्याबरोबर" झालं, "बघू" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेऊन गच्चीवर गेलो. नऊ डबे हिरवेगार होते. काही शेंड्यांना मोहरीएवढी टिकळी धरली होती. ती कळी असते हे मला तेव्हा कळलं नाही. मी बसलो आणि एकेक डबा बुडाशी सपाट केला. मातीबरोबर. उसाला करतात तसाच. कचरा पोत्यात भरला. मग उसाच्या खोडव्याला जे लागतं ते दिलं. एकेक मूठ युरिया आणि डबा भरून पाणी. रोज पाणी.

मनात काय होतं ते सांगतो. एक म्हणजे, बाईनं शेवटचं एक काम सांगितलं ते करायचं. आयुष्यात तिनं सांगितलेली कामं मी फारशी केली नव्हती. दुसरं म्हणजे मला राग आला होता. कत्तल हा काय शब्द झाला? छाट म्हण, काप म्हण. मरताना माणूस रामाचं नाव घेतं, पोराचं घेतं, हिनं कत्तल म्हटलं. मला वाटलं, हा माझ्यावरचा राग आहे. मी गेल्यावर ह्या माणसाच्या हातनं काही जगायचं नाही, तर आधीच मारून टाका. असंच म्हणायचं असंल तिला. कोयता चालवताना मी हेच धरून चाललो होतो. वर्षभर धरून राहिलो. कुणाला बोललो नाही.

पंधरा दिवसांत सात डबे सडले. बुडखे काळे पडले, बोट लावलं की निघून यायचे. आठव्याला कोंब आले आणि वाळले. नववा कोपऱ्यात होता, त्या डब्याला खाली गंजून भोक पडलं होतं, पाणी ठरत नव्हतं. तेवढा वाचला. माघात त्यात तीन काश्या निघाल्या. मी त्यांना हात लावला नाही. माझा हात कसा आहे ते बघितलं होतं. पाणी आठवड्यातनं दोनदा, तांब्याभर. बाकी बघत बसायचं. पावसाळ्यात झाड हातभर झालं.

वर्षश्राद्धाला मेव्हणी आली. बायकोची धाकटी बहीण, तिकडंच गावात असते. तोंडानं फटकळ. जेवणं उरकली तशी म्हणाली, "दाजी, अक्काच्या शेवंतीची काशी पाहिजे मला."

मी म्हटलं, "काशीला जायचं तर रेल्वे हाय की."

"चेष्टा ऱ्हाऊ द्या. आमच्या तिकडली गेली. रस्ता रुंद केला, परडं गेलं त्यात. आईच्या हातची तेवढी तुमच्याच घरात ऱ्हायलीया. बघू चला."

वर आली. एक डबा बघितला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बाकीचे?"

"कापले."

"सगळे? कुणी सांगितलं?"

"तुझ्या अक्कानंच सांगितलं. मरायच्या आधी."

"अक्का असं सांगायची न्हाय."

"तीनदा सांगितलं. मी काय भैरा हाय?"

"काय म्हणाली? जशाच्या तसं सांगा."

मी सांगितलं. अदक्क कत्तल बेकु. हात कसा केला तेही करून दाखवलं. मेव्हणी माझ्या हाताकडं बघत राहिली आणि तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता कठड्याला टेकून खालीच बसली. मग डोळे पुसले. मी उभाच.

"दाजी, कत्तलि म्हंजे अंधार."

"काय?"

"आमच्यात अंधाराला कत्तलि म्हंत्यात. त्येला अंधार पाहिजे, असं म्हणाली ती. झाकताय का म्हणून विचारत असंल. शेवंतीला रात्रभर अंधार लागतो, त्याशिवाय कळी धरत न्हाय. हितं हा दिवा आला तवा अक्कानं मला फोन केलता. दिव्याकडच्या अंगाला एक कळी न्हाय म्हणाली, आडोशाच्या अंगाला दोन-तीन हाईत. आमच्या गावातबी स्टँडच्या दिव्याखालची शेवंती अशीच वांझ. मग म्हणाली, डालगं घालून बघते."

मी समोरच्या खांबावरच्या दिव्याकडं बघितलं. डालगं कशाला ते मला साऱ्या गल्लीत एकट्याला ठाऊक नव्हतं म्हणायचं. शेजारणीलासुद्धा ठाऊक होतं, हे मागनं कळलं.

मेव्हणी उठली. पदर खोचला. "आता आश्विन आलाच. आजपासनं झाका. दिवा लागायच्या आत झाकायचं, सकाळी काढायचं, रोज. एक दिस सोडला तरी गेलं. माघात काशी न्यायला येते मी. न्हाई जगली तर तोंड दाखवू नका."

"तू येणार हाईस, मी न्हवं."

"मग तुम्ही दार उघडू नका."

ती गेल्यावर मी दिवाणावर बसून राहिलो. एक गोष्ट सुटली होती, ती म्हणजे तो राग. बाई माझ्यावर चिडून गेली नव्हती. ती आपली रोजचं काम आठवत होती. वर्षभर मी तिच्या तोंडात एक शब्द घातला आणि त्यावर तिच्याशी भांडत बसलो. आता भांडायलाही काही उरलं नाही. घर त्या दिवशी जास्त रिकामं वाटलं. हे असं का, ते मला सांगता येत नाही.

साडेपाचलाच डालगं शोधायला लागलो. एक सापडलं, त्याची एक बाजू उंदरानं खाल्लेली. वरनं दोन पोती घातली. सकाळी काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका डब्याला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पण ती पाच मिनिटं दिवसाला दावणीला बांधतात. मी संध्याकाळी शाळेच्या कट्ट्यावर बसायचो, म्हाताऱ्यांचा घोळका असतो. सहा वाजले की मी उठायला लागलो.

एकजण म्हणाला, "काय रं, घरात कोण वाट बघतंय आता?"

दुसरा म्हणाला, "म्हातारं कोंबडी पाळतंय. डालाय जातंय."

"नुसती डालतंय, अंडं काय दिसंना."

मी म्हटलं, "तुझ्या घरात सून चहा तरी घालती का? मग बस की गप."

हसले सगळे. कशाला झाकतो ते मी सांगितलं नाही. बायको का सांगत नव्हती ते तेव्हा थोडं लक्षात आलं. विचारणारा चेष्टा करत असला की सांगायचा कंटाळा येतो.

महिना झाला. दसरा गेला. झाड पसरलं होतं, पण शेंडा न खुडल्यामुळं एका अंगाला कललेलं. मी त्याला तुरीची काटकी लावून दिली. कळीचं काही कळत नव्हतं. रोज सकाळी पोती काढली की चष्मा लावून शेंडे बघायचो. मोहरीएवढी टिकळी शोधायचो. ती कशी दिसते हे आता माहीत होतं, कोयत्याखाली बघितली होती.

मग पोराचा फोन आला. "आबा, दिवाळीला तिकीट काढतो तुमचं. आठ दिवस राहा."

"जमायचं न्हाय."

"का? तिकडं एकटे काय करणार?"

"काम हाय."

"कसलं काम? गुऱ्हाळ सोडून सहा वर्षं झाली."

"शेवंती झाकायची असती."

तो म्हणाला, "आबा, एका कुंडीसाठी? शेजारच्या काकूंना सांगा की."

मी न्हाय म्हटलं. तो चिडला. म्हणाला, आई असताना तुम्ही कधी एक तांब्या पाणी घातलं नाही, आणि आता काय नाटक. नाटक शब्द लागला मला. मग मी सांगून टाकलं. दवाखान्यातली दुपार, ती काय म्हणाली, मला काय ऐकू आलं, कोयता, युरिया, सगळं. काहील उपडी करावी तसं. मावशीनं अर्थ सांगितला तेही सांगितलं.

तो म्हणाला, "अदक्क कत्तलि बेकु. असं म्हणाली?"

आवाज पोराचा, पण बोलणं तिचं. तोच हेल, तसंच शेवटी जरा ओढून. मी म्हटलं, "तुला येतं?"

"येतं की. आई आणि मी कानडीच बोलायचो. तुम्ही सीझनला गुऱ्हाळावर असायचा तेव्हा घरात दुसरं काही नव्हतंच. तुम्ही आलात की आम्ही मराठीवर यायचो."

"कशापायी?"

"तुम्ही हसायचा म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला तेव्हा विचारायचं की आबा. आई गेल्यावर तासाभरात मी तिथं होतो. एक वाक्य तर होतं."

"व्हय," मी म्हटलं. "विचारायला पाहिजे होतं."

दिवाळीला तोच आला. सुनेच्या माहेरी काही होतं, ती नंतर येणार होती, तो एकटा आला. पहिल्या दिवशी मी बाजारातनं यायला उशीर केला. उशीर झाला म्हणजे, महाद्वार रोडला गर्दी, रिक्षा मिळेना, आणि घड्याळात सहा वाजून गेलेले. पळत आलो. ह्या वयात पळतात तसं. दार उघडं, खाली कुणी नाही. जिना चढायला लागलो तर वरनं बोलणं ऐकू आलं. पोरगा डालगं घालत होता आणि झाडाशी बोलत होता. कानडीत. सावकाश, आपल्याआपल्यात.

मी जिन्यातच थांबलो. चार पायऱ्या राहिल्या होत्या. दम लागला होता, तो तोंड मिटून आवरला. पण चप्पल वाजली असावी. बोलणं थांबलं.

"आबा? झाकलं मी. या वर."

मी वर गेलो. दिवा नुकताच लागला होता. म्हटलं, "थांबलास कशाला? बोल की."

"झाडाशी काय बोलायचं?"

"बोलत होतास की आता."

तो जरा लाजला. चाळीस वर्षांचा घोडा. "आई बोलायची तेच बोलत होतो. डालगं घालताना म्हणायची."

"काय म्हणायची?"

"तुम्हाला शिव्या द्यायची."

"खरं?"

"मग काय. अंड्याची चेष्टा करायचा म्हणून. रोज एक."

मी पोत्याचं टोक नीट केलं, वारं शिरत होतं. म्हटलं, "आणखी एक दे बघू."

त्यानं दिली. चांगली लांब होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. अर्थ विचारला तर म्हणाला, हे मराठीत बसत नाही.

तो गेल्यावर चार दिवसांनी सकाळी पोती काढली आणि शेंड्यावर टिकळी दिसली. एक नव्हे, वरच्या सगळ्या शेंड्यांना. डालग्याची जी बाजू उंदरानं खाल्ली होती त्या अंगाच्या दोन फांद्यांना काही नव्हतं, तिथनं उजेड गेला असणार. मी त्या दिवशी त्या भोकाला आतनं कापड शिवलं, पण त्या फांद्या तशाच राहिल्या. कळ्यांना रंग दिसेपर्यंत झाकणं सोडलं नाही. मार्गशीर्षात फुलं उमलली. लहान, पिवळी, कडू वासाची. पहिल्या गुरुवारी दोन तोडली, बाकी झाडावर ठेवली. पूजा मला येत नाही. पाटावर ठेवली नुसती.

मेव्हणीला फोन लावला. म्हटलं, आली बघ फुलं, काशी माघात घेऊन जा, दार उघडं हाय. तिनं आधी खरं मानलं नाही. मग किती आली, रंग कसा, बुडात कोंब दिसतात का, सगळं विचारून घेतलं. फोन ठेवता ठेवता सवयीनं तिच्या तोंडात तिकडचं आलं. म्हणाली, "नीर बाळ हाकब्याड्री."

ह्या वेळी मी व्हय म्हटलं नाही. म्हटलं, "थांब. म्हंजे काय?"

"म्हंजे पाणी लई घालू नका."

"एवढंच?"

"एवढंच."

"परत म्हण," मी म्हटलं, आणि ती परत म्हणाली, आधीपेक्षा सावकाश.